वाचकांचे प्रश्न : मिनीबसमधून स्कॉटलंड

एडिंबरा, ग्लासगो किंवा इनव्हरनेसहून निघणाऱ्या छोट्या गटाच्या सहलींतून स्कॉटलंडचा डोंगराळ भाग (हायलँड्स) कमी खर्चात कसा पाहावा, यावर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आम्ही दोघं लंडनहून एडिंबऱ्याला जाणार आहोत. हातात तीन दिवस आहेत. ग्लेनको आणि लॉख नेस एका दिवसात दाखवणारी सहल घ्यावी, की तीन दिवसांची स्काय बेटाची? – नाशिक

लंडनहून येण्या-जाण्याचा वेळ धरून एक दिवस वाढवता येत असेल तर स्काय. नसेल तर दोन्ही सोडा आणि जवळचं काही पाहा.

लॉख नेसची एक दिवसाची सहल सर्वात जास्त खपते, पण पैशांचा मोबदला तिच्यात सर्वात कमी, असं आमचं मत आहे. सकाळी आठच्या सुमारास निघून रात्री आठला परत. या बारा तासांत पाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापला जातो. ग्लेनकोला फोटोपुरता थांबा, जेवायला एक थांबा आणि प्रत्यक्ष लॉख नेसला फार तर दोन तास. लॉख म्हणजे सरोवर. हे सरोवर ३७ किलोमीटर लांब आणि सुमारे २३० मीटर खोल आहे. पीट नावाची कुजलेल्या वनस्पतींची माती पाण्यात उतरते, त्यामुळे पाणी चहासारखं काळपट दिसतं. काठावरून दिसतो तो एक लांबलचक जलाशय. त्यातल्या राक्षसाची दंतकथा वजा केली तर ग्लेनकोची दरी त्याच्यापेक्षा कितीतरी भव्य आहे, आणि तिथे मिळतात पंधरा-वीस मिनिटं.

एकच दिवस असेल तर स्टर्लिंगचा किल्ला, लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्सच्या टेकड्या ही सहल घ्या. अंतर निम्म्याहून कमी, त्यामुळे पाय मोकळे करायला खराखुरा वेळ मिळतो.

तीन दिवसांच्या सहलीत पहिला दिवस जाण्यात जातो, पण तो वाया जात नाही. रॅनॉक मूरचं ओसाड पठार, ग्लेनको, फोर्ट विल्यम, मग खाडीच्या तोंडावरचा आयलन डोनन किल्ला आणि १९९५ साली झालेल्या पुलावरून स्काय. (हा किल्ला जुना दिसतो, पण १७१९ मध्ये तो उडवला गेला होता. आज दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला.) दुसरा दिवस पूर्ण स्कायचा : ओल्ड मॅन ऑफ स्टोरचा सुळका, किल्ट रॉकचा कडा, क्विरांगची कोसळलेली डोंगररांग. तिसऱ्या दिवशी लॉख नेसच्या काठाने परत. म्हणजे लॉख नेस वाटेत आपसूक होतं.

आणखी एक मार्ग आहे, तो फारसा कोणी सुचवत नाही. एडिंबऱ्याहून रेल्वेने साडेतीन तासांत इनव्हरनेसला जा, तिथे दोन रात्री राहा आणि तिथून एक दिवसाची स्काय सहल घ्या. इनव्हरनेस ते पोर्ट्री (स्कायवरचं मुख्य गाव) हे अंतर एडिंबऱ्यापासूनच्या अंतराच्या निम्मंच आहे. लॉख नेस तर तिथून साध्या बसने अर्ध्या तासावर.

तीन दिवसांच्या सहलीचा दर फार कमी दिसतो. यात फसवणूक तर नाही? – ठाणे

फसवणूक नाही, पण आपल्याकडच्या ‘सर्व समाविष्ट’ सहलींची सवय असेल तर दर चुकीचा वाचला जातो. तिथे लिहिलेला आकडा हा बहुतेक वेळा फक्त मिनीबस आणि ड्रायव्हरचा असतो, आणि ड्रायव्हरच गाइड असतो. मोसमानुसार तीन दिवसांसाठी माणशी साधारण २०० ते ३०० पौंड. मुक्काम, तिन्ही वेळचं खाणं, किल्ल्यांची तिकिटं, बोट हे सगळं वेगळं.

दर पाहताना म्हणून आधी मुक्कामाचा हिशोब मांडा. हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीतला एक पलंग मोसमात रात्री २५ ते ४५ पौंडांच्या घरात जातो. घरगुती ‘बेड अँड ब्रेकफास्ट’मध्ये दोघांची खोली याच्या कितीतरी पुढे. एकटा माणूस दुहेरी खोलीत राहिला तर जवळजवळ पूर्ण खोलीचेच पैसे भरतो. स्वस्त सहल महाग होते ती नेमकी इथे. काही कंपन्या मुक्काम स्वतः ठरवून देतात आणि थोडे जास्त घेतात. पोर्ट्रीसारख्या छोट्या गावात जून ते ऑगस्ट खोली मिळणं इतकं अवघड असतं, की तो जादा पैसा सहसा वसूल होतो. स्वतः ठरवणार असाल तर आधी खोली पक्की करा, मग सहल. उलट क्रमाने केलं तर सहलीचं तिकीट हातात आणि झोपायला जागा पंचवीस किलोमीटर दूर, असं होतं. मिनीबस तुम्हाला गावाबाहेरच्या घरापर्यंत सोडेलच असं नाही. ‘मुक्कामाच्या जागेपासून बस सुटण्याची जागा पायी किती?’ हा प्रश्न पैसे भरण्याआधी ईमेलने विचारून ठेवा.

एडिंबऱ्यात राहणार असाल तर आणखी एक गोष्ट. २४ जुलै २०२६ पासून तिथल्या मुक्कामावर सलग पहिल्या पाच रात्रींसाठी ५ टक्के पर्यटक कर आहे. ऑगस्टमध्ये शहरात मोठे कलामहोत्सव असतात आणि खोल्यांचे दर आकाशाला भिडतात. ऑगस्टमध्येच जायचं असेल तर ग्लासगोहून निघणारी सहल शोधा.

कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपये की पौंड’ असं विचारतं. नेहमी पौंड निवडा. रुपये निवडले की दुकानदाराची बँक स्वतःचा, म्हणजे वाईट, दर लावते.

‘सोळा सीट’ असंच सगळीकडे का लिहितात? आणि वाटेत आवडलेल्या जागी ड्रायव्हर जास्त थांबेल का? – सातारा

ब्रिटनच्या परवान्यांत चालक सोडून सोळा प्रवाशांपर्यंतचं वाहन मिनीबस धरलं जातं. सतरावी सीट आली की मोठ्या बसचा परवाना लागतो. शिवाय पन्नास सीटची बस स्कायच्या कितीतरी अरुंद रस्त्यांवर जाऊच शकत नाही. छोट्या गटाचा खरा फायदा हाच. ‘घरगुती वातावरण’ वगैरे नंतर.

थांबण्याबद्दल : ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावी लागते आणि एरवी दिवसाला नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. सकाळी कोणी वीस मिनिटं उशीर केला, तर ती वीस मिनिटं संध्याकाळच्या शेवटच्या थांब्यातून जातात. म्हणून दिलेल्या वेळेला बस सुटते, ‘दोन मिनिटांत येतोय’ला अर्थ नसतो. सुटण्याआधी पंधरा मिनिटं हजर राहा.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते तेव्हाच जाता येईल. थंडी-पावसाचं कसं? छत्री की रेनकोट? – कोल्हापूर

मे हाच उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल ते जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ, तिथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनअखेरपर्यंत सुरू होत नाही, आणि दिवस मोठा. जूनच्या शेवटी एडिंबऱ्यात रात्री दहाला सूर्य मावळतो. डिसेंबरात तोच पावणेचारच्या आधी बुडतो, म्हणून हिवाळ्यातल्या स्वस्त सहलीत निम्मा प्रवास अंधारात होतो. दर कमी असण्याचं कारण तेच. हेदर या झुडपाची जांभळी फुलं हवी असतील तर मात्र ऑगस्ट.

छत्री घरी ठेवा. तिथला पाऊस आपल्यासारखा धो-धो नसतो. तो बारीक असतो, आडवा येतो आणि दिवसातून पाच वेळा येतो. वाऱ्यात छत्री पहिल्या वळणावर उलटी होते. दुचाकीवरचा जाड प्लास्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण चढावर आतून घामाने भिजवतो आणि मग थांबलात की थंडी भरते. टोपी असलेलं, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं हलकं जाकीट घ्या. लेबलवर १०,००० मिमी किंवा जास्त जलरोधकता लिहिलेली असते, ती पाहा. आत एक पातळ थर्मल आणि एक फ्लीस पुरे.

जीन्स ही हमखास होणारी चूक. भिजली की जड होते आणि रात्रभरात वाळत नाही. सिंथेटिक ट्रॅक पँट बरी. बुटांचा तळवा खाचांचा हवा. स्टोरच्या सुळक्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन पावणेचार किलोमीटर आणि चढ तीनशे मीटरच्या आत, म्हणजे सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. पण उतरताना ओल्या दगडांवर घासलेल्या तळव्याचे बूट सटकतात. सगळी वाट दीड ते दोन तासांची. सहलीत तिथे एकच तास दिला असेल तर वर जाण्याचा हट्ट धरू नका, अर्ध्या वाटेवरून वळा.

तिथे म्हणे चिलटं फार त्रास देतात. आम्ही कोकणातले, डासांना सरावलेले. काळजी करावी का? – कणकवली

करावी. हे डास नव्हेत. मिज नावाचं हे चिलट एक-दोन मिलिमीटरचं, त्यामुळे साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज येतं, आणि येतं ते हजारोंनी. मेअखेर ते सप्टेंबर, पहाटे आणि संध्याकाळी, ढगाळ, दमट, वारा पडलेल्या हवेत. ताशी अकरा-बारा किलोमीटरचा वारा असला की त्याला उडताच येत नाही. म्हणून समुद्रकाठच्या कड्यावर त्रास नाही आणि शंभर पावलं आत, झाडीच्या आडोशाला उभं राहवत नाही. चालत राहा, उभे राहिलात की वेढा पडतो. फिके, पूर्ण बाह्यांचे कपडे, पिकारिडिन किंवा डीट असलेलं कीटकरोधक मलम, आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी. ही जाळी तिथल्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळते.

चिलटांनी रोग होत नाही. गोचिडीने होतो, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. उंच गवत आणि नेच्यांतून चालल्यावर रात्री गुडघ्यामागे, जांघेत, कमरेभोवती तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीचा चटका, पिळणं यातलं काही नको, त्याने तिच्या पोटातलं जखमेत उतरतं. पुढच्या महिनाभरात चाव्याभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना ‘स्कॉटलंडात गोचीड चावली होती’ हे स्वतःहून सांगा. हा लाइम रोग असू शकतो, आणि आपल्याकडे तो सहसा डोक्यात येत नाही.

आईबाबा भारतातून येणार आहेत. वय ६८ आणि ७२. बाबांना वारंवार लघवीला जावं लागतं, आईचे गुडघे दुखतात. त्यांना अशा सहलीला पाठवू का? – लेस्टर

तीन दिवसांच्या नको, एक-दोन दिवसांच्या पाठवा. मिनीबसमध्ये शौचालय नसतं. थांबे साधारण दीड-दोन तासांनी, पण रस्त्यात काम चालू असेल तर जास्तही. बाबांची अडचण ड्रायव्हरला बस सुटण्याआधीच सांगून ठेवा, गटासमोर नव्हे, बाजूला घेऊन. ते लोक हे सहज घेतात आणि थांबे त्याप्रमाणे जुळवतात. ऐन वेळी सांगितलं तर डोंगरात त्यांच्याही हातात काही नसतं. सार्वजनिक शौचालयांत बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात, तेव्हा सुटी नाणी आणि कार्ड दोन्ही खिशात असू द्या.

बसची पायरी उंच असते आणि दिवसातून आठ-दहा वेळा चढ-उतर होते. आईंना हेच जड जाईल, चालणं नव्हे. लॉख लोमंडच्या उत्तर भागातला रस्ता पाण्याला लागून सतत वळतो आणि मागच्या सीटवर हमखास मळमळतं. पुढची सीट मागून घ्या, आणि उलटीची गोळी लागत असेल तर ती निघण्याआधी घ्यावी लागते, वळणं सुरू झाल्यावर नाही.

प्रवास विमा हवाच. तिथल्या इस्पितळात अपघात विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं. आधीपासून असलेले आजार विम्यात लिहिले नसतील तर तो विमा उपयोगाचा नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यात एक जण अंडंही खात नाही. उपाशी राहू का? – सोलापूर

उपाशी नाही, पण रात्री साडेआठनंतर कदाचित. हायलँड्समधल्या गावांत पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं. बाहेर लख्ख उजेड असतो, आपल्याला वाटतं संध्याकाळ आहे. बस मुक्कामी पोचली की आधी जेवायचं बघा, आंघोळ नंतर. पबमध्ये बहुधा काउंटरवर जाऊन सांगावं लागतं. टेबलाशी वाट पाहत बसलात तर कोणी येणार नाही.

विचारून घ्यायच्या गोष्टी : भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. फिश अँड चिप्सच्या दुकानातले बटाटे बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि वनस्पती तेल असलं तरी त्याच कढईत मासेही तळलेले असतात. सँडविचमधल्या मेयोनेजमध्ये अंडं असतं. निश्चिंतपणे खाण्यासारखं म्हणजे ओटची पेज, भाजलेला बटाटा बीन्स आणि चीज घालून, ओटकेक म्हणजे ओटची बिस्किटं. हॅगिस हे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं असतं, पण त्याचा शाकाहारी प्रकारही सर्रास मिळतो. ओट, डाळी, भाज्या, भरपूर मिरीपूड, सोबत बटाटा आणि पिवळ्या सलगमचा लगदा. आपल्या जिभेला तो आवडतो. शॉर्टब्रेड एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा या मापाचं, अंडं नाही. आणि टॅब्लेट नावाची साखर-लोणी-कंडेन्स्ड मिल्कची वडी खाल्लीत तर गावची बर्फी आठवेल.

दुपारचं जेवण सकाळीच किंवा आदल्या रात्री सुपरमार्केटमधून घेऊन ठेवा. पोर्ट्रीत को-ऑप आहे, फोर्ट विल्यमला स्टेशनजवळच मॉरिसन्स. थांब्यावरच्या कॅफेपेक्षा निम्म्या पैशांत काम होतं आणि रांगेत जाणारा वेळ वाचतो.

हॉस्टेलला बहुधा सामायिक स्वयंपाकघर असतं. भाजणी, मेतकूट, चटण्या, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या. तूप, खवा, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस नेण्यास बंदी आहे. आणि कृपा करून तिथे खमंग फोडणी देऊ नका. लाल मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खं हॉस्टेल चपला घालून रस्त्यावर उभं राहतं. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’च्या खोलीत तर स्वयंपाक करायचाच नसतो. किटलीत दूध किंवा नूडल्स उकळल्याचा दंड बिलात लागू शकतो.

मुंबईहून येताना दोन मोठ्या बॅगा असतील. चालेल? – डोंबिवली

नाही. माणशी १४-१५ किलोची, विमानात हातात नेतो त्या मापाची एक बॅग आणि एक छोटी, असा साधारण नियम असतो. सोळा जणांचं सामान मागच्या छोट्या कप्प्यात बसवायचं असतं. मोठी बॅग आणली तर ड्रायव्हर ती नाकारू शकतो, आणि पैसे परत मिळत नाहीत. एडिंबऱ्याच्या वेव्हर्ली स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे. पण तीन दिवसांचं भाडं बरंच होतं. सहलीच्या आधी आणि नंतर एकाच हॉटेलात खोली घेतली तर ते बहुधा बॅग ठेवून घेतात.

ग्लेनफिननच्या पुलावरून जाणारी वाफेची गाडी सहलीत असते का? – दादर

बहुतेक सहलींत गाडी *दिसते*, तिच्यात बसवत नाहीत. तीही वेळ जुळली आणि मिनीबस लावायला जागा मिळाली तर. उन्हाळ्यात तिथला वाहनतळ गाडी यायच्या कितीतरी आधी भरतो. बसायचंच असेल तर एक साधी युक्ती : त्याच मार्गावर, त्याच २१ कमानींच्या, १९०१ साली सुरू झालेल्या पुलावरून स्कॉटरेलची रोजची गाडी जाते. फोर्ट विल्यम ते मॅलेग, दीड तासाच्या आत, तिकीट वाफेच्या गाडीच्या मानाने अगदी कमी. मॅलेगकडे जाताना डावीकडे बसा, पुलाचं वळण त्या बाजूने दिसतं.

आम्ही चौघं आहोत. त्यापेक्षा गाडीच भाड्याने घेतली तर? – पणजी

चौघांना तेच परवडेल. सहलीची चार तिकिटं म्हणजे ८०० ते १,२०० पौंड. तीन-चार दिवसांची लहान गाडी, पेट्रोल आणि पूर्ण विमा धरूनही बहुधा त्याच्या खाली राहाल. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिने चालवता येतं आणि रस्ता डावीकडचाच.

अवघड जातो तो एकेरी रस्ता. दोन्ही दिशांची वाहनं एकाच पट्ट्यावर, आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबून वाट द्यायची जागा. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबा, समोरचा आत वळून निघून जाईल. मागून स्थानिक गाडी आली तर तिलाही असंच पुढे जाऊ द्या. त्या जागेत फोटोसाठी गाडी लावून ठेवणं हा तिथला सर्वात मोठा अपराध. आणि दार उघडताना हातात घट्ट धरा. वाऱ्याने दार उलटं वाकणं हे स्कायवर वारंवार घडतं, आणि भाड्याच्या विम्यात ते धरलेलं नसेल तर खर्च तुमचा.

चालवणारा एकच असेल तर मात्र मिनीबस घ्या. त्या एकाने दिवसभर रस्ताच पाहायचा आणि बाकीच्यांनी डोंगर, हे बरं नव्हे.

परत येताना उरलेल्या नोटांवर ‘बँक ऑफ स्कॉटलंड’ लिहिलेलं होतं. इथे कोणी बदलून देईना. – औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा काढतात. किंमत तीच, पण भारतातले परकीय चलन बदलणारे बहुधा फक्त बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घेतात. ब्रिटनमध्ये जाणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे द्या. तिथल्या दुकानांत सहसा चालतील. पुढच्या वेळी रोकड कमीच काढा, ड्रायव्हरला बक्षिसी द्यायची असेल तर याच नोटांतून द्या, आणि उरलेल्या विमानतळावर पोचण्याआधी संपवा.